गोळ्या चालू, पण ताटाचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.
माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया (मनाचा गंभीर आजार, नसलेले आवाज ऐकू येतात) आहे, त्यावरची ओलान्झापिन ही गोळी चालू झाल्यापास्नं कानात आवाज येणं कमी झालं पण भूक अशी खवळली की दीड वर्षात 18 किलो वजन वाढलं, आणि ही पोटावरची चरबी अंगात सूज वाढवते म्हणे, वरून दिसत नाही, रक्तात सीआरपी (सुजेत वाढणारं प्रथिन) तपासलं की कळते. ओपीडीत गोळ्या मिळतात, खाण्याचं कुणी बोलत नाही. शेवटी आम्हीच बिस्किटं, गोड चहा बंद करून ज्वारीची भाकर, वरण, पालेभाजी, जवसाची चटणी सुरू केली (आई म्हणती, हे तर आपलं जुनंच जेवण!). गोळी मात्र मनानं सोडायची नाही, आजार उलटतो. मानसिक ओपीडीत आहारतज्ज्ञ बसवा, वजन, कंबर, शुगर वरचेवर तपासा, एवढंच मागणं.
एक वाचक, जि. लातूर