आधी भिंत वाजवून बघणाऱ्या काकांना

ती. काका,
साष्टांग नमस्कार.

समोर उभं राहून आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत. विषय काढला की तुम्ही चहाचा कप घेऊन गॅलरीत निघून जाता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं. ऐरोलीत, कोपरखैरण्यात, घोडबंदर रोडला माझ्यासारखी कितीतरी माणसं आहेत, ज्यांचे आईवडील दिवसभर घरात एकटे असतात आणि ज्यांनी दारावर कॅमेरा लावलाय किंवा लावायचं ठरवलंय. तुम्ही मला जे सांगितलंत ते त्यांनाही कळावं असं फार मनापासून वाटतं.

आईच्या ऐरोलीच्या रो-हाउसवरचा पहिला कॅमेरा पावसाळा सुरू होताच भिंतीतून निसटला आणि वायरीला लोंबकळत राहिला. बसवणारा फोन उचलेना. बाबा गेल्यापासून आई त्या घरात एकटी राहते. दुपारी बेल वाजली की दार उघडण्याआधी बाहेर कोण आहे हे तिला दिसावं, एवढ्यासाठीच तर तो घेतला होता. तुम्ही शेजारून आलात. शिडी मागितली नाहीत, ड्रिल मागितलं नाहीत. खाली पडलेला स्क्रू उचलून माझ्या तळहातावर ठेवलात आणि विचारलंत, "हा केवढा? २५ मिमी. बाहेरचं प्लास्टर केवढं? २० च्या आसपास. ब्रॅकेटची जाडी वजा कर. मग विटेत किती गेला, सांग बाळा." उत्तर द्यायची गरजच नव्हती. कॅमेरा भिंतीवर नव्हताच, प्लास्टरवर होता. पाण्याने प्लास्टर फुगलं आणि तो सुटला.

त्या दिवशी तुम्ही नुसतं काम उरकून गेला असतात तरी मी आभार मानलेच असते. पण तुम्ही प्रत्येक भोकामागचं कारण सांगत गेलात. साईट सुपरवायझर म्हणून उभी हयात बांधकामावर काढलेला माणूस माझ्यासारख्या नवशिकीला एवढ्या धीराने समजावतो, याची किंमत मला कशी करता येणार?

बोटाच्या पेराने भिंत वाजवायची, हा तुमचा पहिला धडा. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर तिथलं प्लास्टर सुटलंय, जागा बदलायची. मग भोक पाडताना बाहेर पडणारा भुसा बघायचा. सुरुवातीला प्लास्टरचा करडा भुसा येतो, त्यानंतर लाल आला की वीट लागली. लाल दिसल्यावर किमान ३५-४० मिमी आत जायचं. तेवढ्या खोलीची खूण म्हणून तुम्ही ड्रिलच्या बिटला इन्सुलेशन टेप गुंडाळली होतीत. भोक पाडून झाल्यावर एक बारीक नळी आत घालून फुंकर मारलीत, पुन्हा घासलंत, पुन्हा फुंकलंत. आत भुसा राहिला तर प्लग, म्हणजे स्क्रू पकडून ठेवणारी प्लास्टिकची नळी, भिंतीला धरत नाही, भुशालाच धरतो, असं म्हणालात. हातोडीच्या हलक्या ठोक्याने प्लग सरकत आत गेला तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं, ते माझ्या लक्षात राहिलं आहे.

खोक्यातले स्क्रू तुम्ही सरळ बाजूला ठेवलेत. खाडीची हवा खारी, साध्या पॉलिशच्या स्क्रूला वर्षाच्या आत गंज चढतो आणि भिंतीवर तांबडे ओघळ येतात. स्टेनलेसमध्येही खाडीजवळ ३०४ पेक्षा ३१६ ग्रेड घे, त्यातलं मॉलिब्डेनम मिठाला दाद देत नाही, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा दुकानात नेमकं काय मागायचं ते मला कळलं.

पावसाची बाजू तर तुम्ही इतक्या बारकाईने बघितलीत! वायरीचं भोक आतून बाहेर उताराचं, म्हणजे पाणी घरात न शिरता बाहेर ओघळतं. भिंतीत शिरण्याआधी वायरीला खाली पोट सोडायचं, पाण्याचा थेंब तिथून गळून पडतो. जोड उघड्यावर न ठेवता झाकणाच्या डब्यात बंद करायचे. सिलिकॉन वरून आणि दोन्ही बाजूंनी लावायचं, खालची कड मात्र मोकळी ठेवायची. मी चारही बाजूंनी का नाही असं विचारलं, तर म्हणालात, "आत ओल जाणारच. तिला बाहेर यायला वाट नको का?" आंबट वास येणारं सिलिकॉनही तुम्ही नाकारलंत, कारण त्यातलं आम्ल धातूला खातं.

माझ्या ठाण्याच्या फ्लॅटवर तुम्ही आलात ते खरं तर आईच्या आग्रहामुळे. तिथल्या भिंतींची तऱ्हाच वेगळी. दारावरची बीम काँक्रीटची, बाजूची भिंत सायपोरेक्सची, म्हणजे सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांची. मिश्रणात अॅल्युमिनियमची पूड पडली की वायूचे बुडबुडे सुटतात आणि ते ढोकळ्याच्या पिठासारखं फुगतं, म्हणून हे ठोकळे हलके, हे तुम्हीच सांगितलंत. भुसा पांढरा आणि मऊ. तिथे ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देत भोक पाडायची सोय, बंद ठेवून नुसतं फिरवून भोक पाडायचं, नाहीतर ते मोठं होतं आणि ठोकळ्याच्या कडा ढासळतात. साधा प्लग तिथे धरत नाही. मोठ्या आट्यांचा, खास या ठोकळ्यांसाठी मिळणारा लांब नायलॉन प्लग लागतो, आणि स्क्रू पिळताना हात आवरता घ्यावा लागतो. बीममध्ये याच्या अगदी उलट. तिथे हॅमरशिवाय बिट सरकतच नाही, आणि सळई लागली तर जोर न लावता जागा बदलायची. मैत्रिणीच्या मायवानच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून बांधलेल्या इमारतीत सगळ्याच भिंती काँक्रीटच्या आहेत. तिला मी तुमचं हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

दाराभोवतीच्या टाइलवर तुम्ही शक्य तिथे सांध्यातच भोक घेतलंत. जिथे टाइलवरच घ्यावं लागलं तिथे मास्किंग टेप चिकटवून, हॅमर बंद ठेवून, अगदी हळू. पीओपीच्या सीलिंगवर कॅमेरा टांगायला तुम्ही साफ नकार दिलात, वरच्या पत्र्याच्या चॅनेलला धरणार असेल तरच हो म्हणालात. सागवानी चौकटीला प्लग नको, स्क्रूपेक्षा बारीक भोक आधी पाडलं की लाकूड चिरत नाही, एवढंच सांगून तिथलं काम पाच मिनिटांत संपवलंत. स्विचबोर्डच्या सरळ रेषेत वर किंवा खाली कधी ड्रिल लावायचं नाही, आतून वायर गेलेली असते, हे मात्र तुम्ही माझ्याकडून परत म्हणवून घेतलंत.

आणखी एक गोष्ट मला फार भावली. कॅमेरा ८-९ फुटांवर बसवून झाल्यावर तुम्ही फोनवर चित्र बघितलंत आणि समोरच्या वहिनींचं दार त्यात येतंय म्हणून तो पुन्हा वळवलात. "आपल्या दारापुढे कोण आलं ते दिसलं की बास. त्यांच्या घरी कोण येतं-जातं ते आपल्याला कशाला?" पॅसेजमध्ये काही लावायच्या आधी मला सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी कळवायला लावलंत. त्यामुळे मजल्यावर एकही शब्द उठला नाही, उलट वहिनींनी मला त्यांच्या दारासाठी कोणता प्लग लागेल ते विचारलं. मी आधी त्यांची भिंत वाजवून बघितली.

आईचा कॅमेरा नंतरच्या मुसळधार पावसातही तसूभर हललेला नाही. रात्री चित्र धुरकट दिसायला लागलं तर समोर कोळ्याचं जाळं आलेलं असतं, त्यावर कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्याचा, म्हणजे अंधारात बघण्यासाठीचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड चमकतो, हे तुम्ही सांगितल्यापासून ती दर रविवारी लांब काठीच्या झाडूने जाळं काढते. मागच्या दाराचा कॅमेरा मी एकटीने लावलाय. भुसा लाल आला तेव्हा तुम्हाला फोन करावासा वाटला, पण तुमची दुपारच्या झोपेची वेळ होती. काका, तुमचे फार फार आभार. पुढच्या वेळी आलात की तो ब्रॅकेट हाताने ओढून बघा, आणि काही कमी वाटलं तर मोकळेपणाने सांगा.

तुमची,
शेजारच्या वहिनींची मुलगी