सिस्टर, तुम्ही विचारलंत म्हणून

प्रिय सिस्टर,

इंग्रजीतलं कार्ड आणि बिस्किटांचा डबा तुमच्या प्राण्यांच्या दवाखान्यात पोचलाच असेल. हे पत्र मात्र मुद्दाम मराठीत लिहितेय, तेही सगळ्यांसमोर. इथे ब्रिटनमध्ये कार्डिफ, न्यूपोर्ट, ब्रिस्टलकडच्या मराठी घरांत आता कुत्री बरीच झालीत आणि त्यांच्या दुखण्यांची आमची धास्ती अजून देशातलीच आहे: रेबीज, पार्व्हो, गोचीड ताप. पावसाळ्यात भिंतीवर चढणाऱ्या गोगलगायीला कोण घाबरतं? पण इथे तिच्यातूनच कुत्र्याला लंगवर्म, म्हणजे फुफ्फुसाचा जंत, लागतो. तुमचे आभार मानता मानता चार घरांना हे कळलं तर बरंच.

आमच्या कुत्र्याला, बंड्याला, त्या दिवशी फक्त नखं कापायला आणलं होतं. काळ्या नखातली नस दिसत नाही, थोडं रक्त येतंच. तुम्ही पावडर लावून कापूस दाबून धरलात. कापूस काढला की पुन्हा लाल ठिपका, पुन्हा पावडर, पुन्हा कापूस. बोलणं थांबवून तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत. मग बंड्याचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्यात, पोटावरचे केस बाजूला सारलेत, तर खाली जांभळट डाग. आणि मला विचारलंत, ‘हा गोगलगायी खातो का?’

खातो! गवत खातो, मोजे खातो, शेजारच्या बागेतलं काहीही खातो. खोकतो का, तर हो, अधूनमधून. त्या खोकल्यावर माझ्या आईनं पुण्याहून व्हिडिओ कॉलवर हळद-मध सांगून ठेवला होता, तेही मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही हसला नाहीत, याचे आभार वेगळे.

निदान करणं तुमच्या अधिकारात नाही, ते डॉक्टरांचं काम. पण ‘पुढच्या आठवड्याची वेळ घ्या’ म्हणून तुम्ही मोकळ्या झाला नाहीत. आत जाऊन डॉक्टरांना घेऊनच आलात. रक्ताची चाचणी पंधरा मिनिटांत झाली आणि लंगवर्म निघाला. ही चाचणी कधी हुकते, म्हणून तीन दिवसांची शीही मागवलीत. ती घेऊन येतानाचा बसप्रवास मी विसरणार नाही. शी कोमट पाण्यात भिजवून ठेवली की अळ्या पोहत बाहेर येतात आणि नरसाळ्याच्या तळाशी बसतात. डॉक्टरांनी मायक्रोस्कोपखाली एक दाखवली. जेमतेम तिसरा हिस्सा मिलिमीटर, शेपटीला वळसा, आणि वळवळ अखंड.

नाव फुफ्फुसाचं असलं तरी पूर्ण वाढलेला जंत राहतो हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत. त्याची अंडी रक्ताबरोबर फुफ्फुसात अडकतात, तिथे फुटतात, अळ्या खोकल्यासरशी घशात येतात, गिळल्या जातात आणि शीतून बाहेर पडतात. ती शी गोगलगाय खाते, गोगलगाय कुत्रा खातो. बेडकातूनही हे होतं. माणसाला हा जंत होत नाही आणि एका कुत्र्याकडून दुसऱ्याला थेटही लागत नाही. रक्त गोठायचं थांबतं तो भाग सगळ्यात वाईट. काही कुत्र्यांना खोकला येतच नाही, एकदम नाकातून रक्त, लाल डोळा किंवा झटकेच येतात. बंड्याचं नख त्या मानानं फारच सभ्य लक्षण म्हणायचं.

त्याला ठेवून घेतलंत, ऑक्सिजन दिलात, प्लाझ्मा दिलात. तो प्लाझ्मा कुण्या कुत्र्यानं दिलेल्या रक्तातला. पेट ब्लड बँक यूके ही धर्मादाय संस्था 2007 पासून हे काम करते, हे मला तेव्हाच कळलं. त्या अनोळखी दात्याच्या पाठीवरून माझ्या वतीनं हात फिरवा. जंत मरायला लागले की श्वास आणखी बिघडू शकतो, म्हणून पळणं-उड्या बंद, हे तुम्ही मला फोन करकरून बजावलंत. स्पॅनियलला घरात शांत बसवणं हे औषधापेक्षा अवघड काम होतं, सिस्टर.

आता आपल्या लोकांसाठी. दुकानात मिळणाऱ्या साध्या जंताच्या गोळ्या यावर चालत नाहीत. मॉक्सिडेक्टिनचे मानेवर टाकायचे थेंब किंवा मिल्बेमायसिनची गोळी, तीही दर महिन्याला आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. एक महिना चुकला तर चुकलाच. रात्री खेळणी आणि पाण्याचं भांडं बागेत ठेवू नका. शी लगेच उचला, गोगलगायींची साखळी तिथेच तुटते. कोल्ह्यांची कोण उचलणार, हा प्रश्न आहेच: रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या पाहणीत 2005-06 साली ब्रिटनमधल्या 7 टक्के कोल्ह्यांत हा जंत होता, 2013-14 मध्ये 18 टक्के. साउथ वेल्स तर याचं जुनंच ठाणं. आणि गोगलगायी मारायला जुन्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुणाच्या शेडमध्ये पडल्या असतील तर त्या वापरू नका. गावाकडे सोयाबीनवरच्या शंखी गोगलगायींसाठी हेच औषध टाकतात, म्हणून आपल्याला ते ओळखीचं वाटतं. पण कुत्र्याला ते जंतापेक्षा लवकर मारतं. इथे बाहेर वापरायला 2022 पासून बंदीच आहे.

तर सिस्टर, मराठी मंडळाच्या उन्हाळी सहलीला येऊन हे सगळं एकदा बोलायला तुम्ही तयार झालात, त्याबद्दलही मनापासून आभार. जेवण आमच्याकडून. मिसळ कमी तिखट करायला सांगितली आहे, पण करणारे कोल्हापूरचे आहेत, त्यामुळे हमी देत नाही.

तुमची,
बंड्याची आई