ड्रेस्डेन वगळून जर्मनी बघू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जर्मनीच्या ट्रीपवर पानभर लेख आला होता, म्युनिक, ब्लॅक फॉरेस्ट, हायडेलबर्ग, तो नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा, सगळं छान लिहिलं होतं पण पूर्व जर्मनीवर एक ओळसुद्धा नाही हे बघून राहवलं नाही, म्हणून हे पत्र. आमची मुलगी ड्रेस्डेनला चिपच्या कारखान्यात नोकरीला आहे त्यामुळे आमचं तिकडे जाणं-राहणं झालं आणि हे शहर निवांत बघता आलं. नाहीतर आम्हीसुद्धा टूरबरोबर म्युनिक करून परत आलो असतो.

आपल्याकडच्या बऱ्याच टूर बर्लिन आणि प्राग दोन्ही करतात. ड्रेस्डेन बरोब्बर या दोन शहरांच्या मधे आहे, दोन्हीकडून ट्रेनने दोन-सव्वादोन तास. म्हणजे बस या गावावरूनच जाते, पण थांबते ती जेवणापुरती आणि फोटोपुरती. नदीकाठी उतरायचं, चर्चपुढे सेल्फी काढायचा, टॉयलेटला जायचं आणि बसमधे बसायचं. मला मनापासून वाटतं की मराठी माणसाने जर्मनीत एकच शहर नीट बघायचं ठरवलं तर ते हेच असावं, आणि असं का म्हणते ते सांगते.

इथल्या राजवाड्यात ग्रीन व्हॉल्ट नावाचा खजिना आहे. सॅक्सनीचा, म्हणजे या प्रांताचा, राज्यकर्ता ऑगस्टस, ज्याला ऑगस्टस द स्ट्राँग म्हणतात, त्याला दागिने आणि कारागिरीचा प्रचंड नाद, आणि १७२३ पासून पुढे त्याने हा खजिना लोकांना बघता येईल असा मांडायला घेतला. त्याचे आता दोन भाग आहेत, खाली जुन्या पद्धतीने मांडलेला आणि वर काचेच्या कपाटातला नवा. त्या वरच्या भागात एक वस्तू आहे जिच्यापुढे आमचे मिस्टर (हायस्कूलला इतिहास शिकवायचे) कितीतरी वेळ उभे राहिले, शेवटी मुलगी येऊन म्हणाली बाबा पुढे चला. ती वस्तू म्हणजे औरंगजेबाचा दरबार! बादशहाचा वाढदिवस चाललाय असं ते दृश्य आहे. योहान मेल्शिओर डिंगलिंगर नावाच्या सोनाराने आपल्या दोन भावांना आणि कारागिरांना घेऊन १७०१ ते १७०८ एवढी वर्षं खपून ते बनवलं. चांदीच्या पायऱ्या पायऱ्यांचा चौथरा, सगळ्यात वर छत्राखाली सिंहासनावर बादशहा, आणि खाली नजराणे घेऊन येणारे सरदार, हत्ती, उंट, घोडे, कुत्रे, अशा शंभराहून जास्त सोन्याच्या छोट्या छोट्या आकृत्या, प्रत्येकीवर मिन्याचं रंगीत काम. हिरेच पाच हजारांच्या आसपास आहेत, माणकं, पाचू वेगळे. जवळ जाऊन बघितलं की एकेका माणसाच्या अंगरख्यावरची नक्षी दिसते, नजराण्याच्या वस्तू दिसतात, कोण वाकून मुजरा करतोय, कोण नुसताच बघत उभा आहे हे कळतं. आकृत्या सुट्या आहेत, म्हणजे राजाला हवं तर हलवून दरबार वेगळा मांडता यायचा. आणि डिंगलिंगरने हिंदुस्थान कधी बघितलासुद्धा नव्हता, प्रवाशांनी लिहून ठेवलेली वर्णनं वाचून त्याने हे सगळं मनाने उभं केलं, त्यामुळे त्यात मधेच चिनी आणि इजिप्तच्या धाटणीच्या गोष्टीही दिसतात.

आता मराठी माणसाने ती सालं नीट बघावीत. १७०१ ते १७०८. डिंगलिंगर तिकडे दिल्लीचा दरबार सोन्यात घडवत होता तेव्हा बादशहा दिल्लीत नव्हताच, त्याला दिल्ली सोडून वीसएक वर्षं होऊन गेली होती आणि तो आपल्या मुलखात तंबू ठोकून बसला होता. १७०१ ला पन्हाळा, १७०३ ला सिंहगड, १७०४ ला राजगड आणि तोरणा, म्हातारपणी एकेका किल्ल्याला वेढा घालत फिरत होता आणि इकडे महाराणी ताराबाई त्याला स्वस्थ बसू देत नव्हत्या, एक गड घेतला की दुसरा हातचा जायचा. १७०७ ला तो नगरला वारला, खुलताबादला साधी कबर आहे. म्हणजे तिकडे दरबार पूर्ण व्हायच्या आधीच इकडे बादशहा संपला होता. हे सगळं मिस्टर आमच्या जावयाला आणि त्याच्या जर्मन मित्राला तिथेच उभ्या उभ्या सांगत होते आणि तो मित्र ऐकतच राहिला, कारण हा बादशहा तेव्हा कुठल्या लढाईत अडकला होता हे त्याला माहीतच नव्हतं, तो म्हणाला आम्ही शाळेत असताना सहलीला येऊन हे बघितलंय पण आम्हाला फक्त हिरे किती ते सांगितलं होतं. ज्या गोष्टीचा अर्धा अर्थ फक्त आपल्याला लागतो ती वस्तू आपल्या बसगाड्यांपासून पाच मिनिटांवर आहे आणि आपण ती न बघता प्रागला जातो, याचं फार वाईट वाटतं.

त्याच वरच्या भागात ड्रेस्डेनचा प्रसिद्ध हिरवा हिरा आहे, ४१ कॅरेटचा, नैसर्गिक हिरवा. तोही आपल्याकडचाच, गोवळकोंड्याच्या बाजूच्या खाणीतला मानतात. २०१९ च्या नोव्हेंबरमधे खालच्या भागात मोठी चोरी झाली तेव्हा हा हिरा तर प्रदर्शनासाठी न्यूयॉर्कला गेलेला होता, चोरीतला बराचसा ऐवज २०२२ ला परत मिळाला. चेरीच्या एका बीवर शंभरावर चेहरे कोरलेत ते पण इथेच बघायला मिळतं.

दुसरी गोष्ट फ्राउएनकिर्शे, म्हणजे ते मोठ्या दगडी घुमटाचं चर्च, ज्याच्यापुढे सगळे फोटो काढतात. गेओर्ग बेअर याने १७२६ ते १७४३ मधे बांधलं. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकन विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले, गावाचा मधला भाग जळून गेला, २५ हजारापर्यंत माणसं मेली. चर्च दोन दिवस त्या आगीत उभं होतं आणि १५ तारखेला सकाळी बसलं. नंतर पूर्व जर्मनीच्या काळात तो दगडांचा ढीग तसाच ठेवला होता, चाळीस-पंचेचाळीस वर्षं. बर्लिनची भिंत पडली, दोन्ही जर्मनी एक झाल्या, आणि लोकांनी ठरवलं की हे परत बांधायचं. ढिगाऱ्यातला एकेक दगड उचलून मोजला, फोटो काढला, कुठे पडलेला सापडला त्यावरून तो मुळात भिंतीत कुठे होता हे कॉम्प्युटरवर शोधलं आणि चालण्यासारखा असेल तर परत त्याच जागी बसवला. म्हणून आज भिंतीवर काळे आणि फिकट असे दोन प्रकारचे दगड दिसतात. काळे जुने, फिकट नवे. तिकडचा वाळूचा दगड जुना होईल तसा आपोआप काळा पडतो, त्यामुळे पुढे कधीतरी हा फरक मिटेल पण आत्ता तो डोळ्यांनी वाचता येतो.

लाकडी दारांची गोष्ट तर मला सगळ्यात आवडली. दारावरचं कोरीव काम नेमकं कसं होतं हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. मग गावात आवाहन केलं की तुमच्या घरातले जुने लग्नाचे फोटो द्या, कारण लग्न झालं की जोडपी याच दारापुढे उभी राहून फोटो काढायची. लोकांनी अख्खेच्या अख्खे अल्बम आणून दिले आणि त्यावरून सुतारांनी दारं बनवली. ३० ऑक्टोबर २००५ ला चर्च परत सुरू झालं, खर्चाचा मोठा भाग देणग्यांतून उभा राहिला, त्यात ब्रिटनमधूनही पैसे आले. घुमटावरचा सोन्याचा क्रॉस लंडनच्या एका कारागिराने बनवला आणि त्याचे वडील १९४५ च्या बॉम्बहल्ल्यातल्या विमानात होते. ढिगाऱ्यात सापडलेला जुना वाकडा झालेला क्रॉस आत ठेवलाय. मी तशी फार देवभोळी नाही पण तिथे बराच वेळ बसावंसं वाटलं.

आणि हे शहर फक्त आपल्यावर झालेल्या अन्यायाचं सांगत बसत नाही ही गोष्ट मला फार मोठी वाटते. १९३८ च्या नोव्हेंबरमधे याच गावात ज्यूंचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, जाळलं गेलं, म्हणजे बॉम्ब पडायच्या सहा वर्षं आधी. ते बांधणारा आर्किटेक्ट गॉटफ्रीड झेंपर, ज्याच्या नावाने इथलं ऑपेरा हाऊस जगभर ओळखलं जातं तोच. आगीतून एका फायरमनने वरचा तारा वाचवून लपवून ठेवला आणि तो आज २००१ ला बांधलेल्या नव्या सिनेगॉगवर आहे. दरवर्षी १३ फेब्रुवारीला रात्री पावणेदहाला सगळ्या चर्चच्या घंटा वाजतात, त्या दिवशी लोक हातात हात घालून साखळी करतात, कारण काही मंडळी त्या दिवसाचा वापर द्वेष पसरवायला करतात आणि गावातल्या लोकांना ते नकोय.

बाकी बघायला इतकं आहे की सगळं लिहिलं तर तुमचं अर्धं पान जाईल. त्स्विंगरचा राजवाडा, तिथल्या चित्रसंग्रहालयात राफाएल या चित्रकाराचं सिस्टिन मॅडोना हे चित्र आहे, त्याच्या तळाशी कोपरं टेकून वर बघणारी दोन पंखवाली मुलं आपण ग्रीटिंग कार्डवर, कपावर हजारदा बघितलेली असतात. ही चित्रं युद्धानंतर मॉस्कोला नेली होती, १९५५ ला परत दिली. तिथेच व्हर्मेरचं खिडकीशी पत्र वाचणाऱ्या मुलीचं चित्र आहे, त्यातल्या भिंतीवरचा क्युपिड, म्हणजे मदन, कुणीतरी रंगवून झाकून टाकला होता तो आता साफ करून २०२१ पासून परत दिसतो. रस्त्याच्या कडेला शंभर मीटर लांबीची फरशांची भिंत आहे, माइसेनच्या चिनीमातीच्या हजारो फरशांवर सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांची घोड्यावरून मिरवणूक काढलीय, एवढ्या आगीतूनही ती बहुतेक तशीच राहिली. ऑपेरा हाऊस १३ फेब्रुवारी १९८५ ला म्हणजे बरोबर ४० वर्षांनी परत उघडलं.

एक गोष्ट मात्र आपल्या सरकारी लोकांनीही वाचावी अशी आहे. ड्रेस्डेनचं एल्ब नदीचं खोरं २००४ ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं होतं. पण गावाला ट्रॅफिकसाठी नदीवर नवा चार पदरी पूल हवा होता, युनेस्कोचं म्हणणं होतं की त्याने नदीचं सगळं दृश्य बिघडेल, बोगदा करा, पण लोकांनी मतदान करून पुलाच्या बाजूने कौल दिला होता आणि शहराने पूल बांधायला घेतला. २००९ ला युनेस्कोने नाव काढून टाकलं. त्याआधी जगात असं फक्त ओमानच्या एका अभयारण्याचं झालं होतं. पूल २०१३ ला सुरू झाला, मुलीच्या ओळखीचे लोक रोज त्यावरून जातात आणि पूल बरोबर की चूक यावर अजूनही घरात वाद होतात असं ती सांगते. आपले १२ किल्ले २०२५ च्या जुलैमधे याच यादीत आलेत, त्यात पन्हाळाही आहे आणि राजगडही आहे. आपण फटाके वाजवले, अभिनंदनाचे बोर्ड लावले ते बरोबरच आहे, आनंदाचीच गोष्ट आहे ती. पण गडावर रोपवे, रस्ता, पार्किंग, सिमेंटची कामं यांचा विचार करताना ड्रेस्डेनची फाईल एकदा मागवून वाचावी अशी माझी हात जोडून विनंती आहे. ज्या गावाने एकेक दगड मोजून चर्च उभं केलं त्या गावाचंही नाव यादीतून गेलं, तर आपल्याला गाफील राहून चालणार नाही.

संपादक साहेब, आपल्या पुरवणीत ड्रेस्डेनवर एक सविस्तर लेख यावा, आणि औरंगजेबाच्या दरबाराचा मोठा रंगीत फोटो त्यात असावा ही विनंती. टूर कंपन्यांनाही सांगणं आहे की इथे दोन रात्री मुक्काम ठेवा, म्हणजे एक दिवस राजवाडा आणि एक दिवस चर्च, त्स्विंगर होऊन जातं, जमलं तर तासाभराच्या आत बास्तायचे उंच कडे आणि तिथला दगडी पूल पण होतो. शाकाहारी लोकांचे हाल होत नाहीत, बटाटे आणि चक्का घालून केलेले गोड क्वार्ककॉयल्शन मिळतात, फक्त त्यात अंडं असतं ते विचारून घ्यावं. राजवाडा मंगळवारी बंद असतो आणि त्स्विंगरची संग्रहालयं सोमवारी, तेव्हा तारखा ठरवतानाच हे बघा, आणि खालच्या जुन्या ग्रीन व्हॉल्टला वेळेचं तिकीट लागतं ते इथूनच ऑनलाइन काढून ठेवा.

आपली नियमित वाचक,
सांगली