सुहास, ती निळी क्रूझर घेण्याआधी

पुणे
रविवार, दुपार

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला निळ्या क्रूझर सायकलचा फोटो पुन्हा पुन्हा बघितला. रुंद सीट, मागे वळलेलं हँडल, जाड टायर, देखणी आहेच. पण तू तिच्यावरून रोज कोथरूडहून बावधनला ऑफिसला जाणार, आणि सुट्टीच्या दिवशी सिंहगड म्हणतोयस. तुझ्या उजव्या गुडघ्याचं दुखणं मी जवळून पाहिलंय, म्हणून लगेच लिहायला बसलो.

माझी पहिली सायकल अशीच होती. कर्वे रस्त्यावर ती फार सुखाची. पाठ ताठ, मनगटांवर भार नाही, सिग्नलला सीटवर बसूनच पाय टेकायचे. चांदणी चौकाच्या चढाला मात्र अर्ध्यावर उतरून ढकलावी लागायची. पायात ताकद नाही असं मी कितीतरी महिने समजत होतो. शेवटी एकदा चेन ज्यांवरून फिरते त्या चक्रांचे दात मोजले. पुढे ४४, मागे १८, आणि गिअर एकच. म्हणजे पॅडलच्या एका फेरीत चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं, आणि २६ इंची चाकाचा घेर साधारण दोन मीटर. प्रत्येक फेरीला चढावर पाच मीटर पुढे जायचं, तेही तसलं जड धूड घेऊन! पुढे ३८ आणि मागे ३४ दात असते, तर एका फेरीत सव्वादोन-अडीच मीटरच चढायचे, आणि जोर निम्म्याहून कमी लागला असता. हळू जाशील, पण गुडघा शाबूत राहील. म्हणून आधी दात मोज, रंग नंतर बघ.

हबच्या, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, आत गिअर असलेल्या सायकलीही मिळतात. पावसाळ्यात चिखल आत जात नाही, हे मला फार आवडतं. पण तीन गिअरच्या शिमानो नेक्सस हबमध्ये सगळ्यात जड गिअर हलक्याच्या दुपटीलाही पोचत नाही. तेवढ्यावर ऑफिस होईल, सिंहगड नाही.

सीटचं म्हणशील तर मऊ आणि रुंद सीटने हुरळू नकोस. ताठ बसलं की सगळा भार बुडावर येतो, आणि तासाभरात मांड्या घासायला लागतात. बसायची दोन हाडं नीट टेकतील एवढीच रुंद आणि जरा घट्ट सीट घे. उंची लावताना टाच खालच्या पॅडलवर ठेव. पाय सरळ झाला पाहिजे.

आता उतार. १९७६ साली कॅलिफोर्नियात मरिन परगण्यातली काही पोरं जुन्या क्रूझर ट्रकमध्ये घालून डोंगरावर न्यायची आणि उतारावरून शर्यत लावायची. पॅडल उलटं दाबलं की लागणारा मागचा ब्रेक इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि नवं भरावं लागायचं. त्यावरूनच त्या उताराचं नाव पडलं रीपॅक. त्याच सायकलींना गॅरी फिशर वगैरे मंडळींनी गिअर आणि चांगले ब्रेक बसवले, आणि त्यातूनच पुढे माउंटन बाईक आली. सिंहगडाच्या वळणांवर तुला दोन्ही चाकांना दमदार ब्रेक हवेत. यात पैसे वाचवू नकोस.

मी स्वतः शेवटी गिअरची साधी हायब्रिड, म्हणजे रोडबाईक आणि माउंटन बाईक यांच्या मधली सायकल, घेतली आणि तिला मागे वळलेलं हँडल लावून घेतलं. मडगार्ड, कॅरिअर आणि पावणेदोन इंची टायर. बसणं जवळपास क्रूझरसारखंच, फक्त चढाला किंचित पुढे झुकता येतं आणि उभं राहून पॅडल मारता येतं. तुलाही मी हेच सुचवेन. क्रूझरच हवी असेल तर निदान सात गिअरची घे, मागचं मोठं चक्र ३४ दातांचं असलेली, आणि दुकानातून बाहेर काढून एखाद्या चढावर चालवून बघ.

पुढच्या रविवारी सकाळी सहाला माझ्याकडे ये. सीट तुझ्या उंचीला लावून ठेवतो. चांदणी चौकापर्यंत माझी सायकल तू चालव, मी मुलाची घेतो. दुकानात नंतर जाऊ. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
मकरंद