काका, ‘एक्झिक्यूट’ या एका शब्दाबद्दल

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही ‘ते राहू दे, चहा झाला का?’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र. इथे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

त्या गुरुवारी चाकणच्या आमच्या कारखान्यात देखभालीसाठी दिवसभर वीज बंद होती. संध्याकाळी आली, सर्व्हर उठले, नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेची स्क्रीन हिरवीगार. रात्री दोनला पेंट शॉपच्या स्विचची (यंत्रं नेटवर्कला जोडणाऱ्या पेटीची) लिंक पडली, म्हणजे जोडणी तुटली, आणि मला कळलं सकाळी सातला, तेही सुपरवायझरच्या शिव्यांमधून. स्विचने ट्रॅप, म्हणजे काही बदललं की आपणहून धाडायचा इशारा, पाठवला होता. सर्व्हरच्या १६२ पोर्टवर, म्हणजे ट्रॅप घ्यायच्या ठरलेल्या दारावर, तो पोचलाही होता; लॉगमध्ये ‘लिंकडाउन’ची ओळ स्वच्छ दिसत होती. पण एसएमएस पाठवणारी स्क्रिप्ट हललीच नव्हती. ट्रॅप घेणारी सेवा तर चालू! मग फायरवॉल, एसएमएस गेटवे, स्क्रिप्टच्या परवानग्या, सगळं उकरत बसलो.

शनिवारी कर्वेनगरला तुमच्याकडे आलो, तर तुम्ही लॅपटॉपकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत. एवढंच विचारलंत, ‘संदेश टिपतो कोण, त्यावर काम करतो कोण आणि या दोघांना उठवतो कोण?’ आणि मेनफ्रेमवरचं, म्हणजे मोठ्या संगणकावरचं, नेटवर्क सांभाळणारं नेटव्ह्यू सांगायला बसलात. खरं सांगतो, पहिली दहा मिनिटं मी मनात म्हणत होतो, झालं, आता जुन्या आठवणी. ऑटोटास्क म्हणजे टर्मिनल नसलेला ऑपरेटर. माणसाने लॉगिन करायची वाट न बघता सिस्टिम सुरू होतानाच त्याला उभं करायचं. मग ऑटोमेशन टेबल चालू करायचं: अमुक संदेश आला की तमुक कमांड या ऑटोटास्ककडे धाड. क्रम उलटा झाला तर टेबल संदेश ओळखतं, पण काम घ्यायला जागेवर कुणी नसतं. ‘आचारी यायच्या आधी पंगत बसवू नये,’ तुम्ही म्हणालात.

तिथे माझी ट्यूब पेटली. ट्रॅप घेणारी ती सेवा कित्येक महिन्यांपूर्वी मी हाताने सुरू केली होती, माझ्याच फोल्डरमधली कॉन्फिग फाइल देऊन. वीज आल्यावर तिला सिस्टिमडीने, म्हणजे लिनक्स सुरू होताना सेवा उठवणाऱ्या प्रोग्रामने, उठवलं, आणि तिने वाचली ईटीसी या सिस्टिमच्या फोल्डरमधली मूळ फाइल. त्यात ‘कुणाच्या ट्रॅपवर काय करू द्यायचं’ ते सांगणाऱ्या ऑथकम्युनिटीच्या ओळीत नुसतं ‘लॉग’ होतं, ‘एक्झिक्यूट’ नव्हतं. ही सेवा ज्या नेट-एसएनएमपी सॉफ्टवेअरमधली, त्यात ५.३ आवृत्तीपासून टिपून ठेवायची परवानगी वेगळी आणि स्क्रिप्ट चालवायची वेगळी. म्हणजे टिपणारा कारकून हजर होता, काम करणाऱ्या आचाऱ्याला दारातच अडवलं होतं! एक शब्द घातला, सेवा पुन्हा सुरू केली, चाचणीचा ट्रॅप सोडला, आणि तुमच्या दिवाणखान्यात माझा फोन वाजला. काकूंनी पानं वाढायला घेतली.

तुम्ही मात्र तेवढ्यावर सोडलं नाहीत. ‘वीज आली की सगळे स्विच एकदम ओरडतील, तेव्हा काय करशील?’ आमच्याकडे प्रत्येक ट्रॅपमागे स्क्रिप्ट सुटते, हे मला माहीत होतं. त्याचा अर्थ, म्हणजे तेव्हा एसएमएसचा पाऊस पडेल, हे कळलं नव्हतं. आता स्क्रिप्ट दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात त्याच पोर्टचा ‘लिंकअप’ आला तर गप्प बसते. शिवाय ट्रॅप यूडीपीवरून येतो, पोचपावती नसते, वाटेत हरवला तर कुणाला पत्ता नाही. म्हणून दर पाच मिनिटांनी स्विचना आपणहून विचारणंही सुरू केलंय.

परवाच्या गुरुवारी पुन्हा वीज बंद होती. मुद्दाम थांबलो. वीज आल्यावर सर्व्हरला हातही लावला नाही, सरळ पेंट शॉपची केबल उपटली आणि घड्याळ बघत उभा राहिलो. दोन मिनिटं होऊन गेली आणि एसएमएस आला. सुपरवायझरलाही आला, तो विचारत आला, ‘आता काय पाडलंत?’

तुमची निळी वही अजून माझ्याकडेच आहे. ऑटोटास्कची पानं उतरवून घेतोय, तुमचं अक्षर लागायला वेळ लागतो. रविवारी आणून देतो.

तुमचा,
चाकणचा नेटवर्कवाला