हुकूमशहा म्हणजे आरडाओरडा नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऑलिव्हर हिर्शबिगेल यांच्या 'डाउनफॉल' या २००४च्या जर्मन चित्रपटातला जेमतेम चार मिनिटांचा एक तुकडा जगभर फिरतो. बंकरमध्ये नकाशासमोर बसलेला हिटलर चष्मा काढतो आणि सेनापतींवर तुटून पडतो. खाली कोणी क्रिकेटमधल्या पराभवाची, तर कोणी तिकीटवाटपाची खोटी उपशीर्षके जोडतो. मूळ चित्रपट अडीच तासांहून मोठा आहे. एकांकिका स्पर्धांमध्ये हुकूमशहा रंगवणारे बरेच तरुण नट मात्र तेवढाच तुकडा पाहून तालमीला उभे राहतात. पहिल्याच वाक्याला टिपेचा सूर लावतात आणि पाचव्या मिनिटाला घसा बसतो. ब्रूनो गांझ या स्विस नटाने ही भूमिका कशी बांधली, हे या तरुण नटांनी आणि त्यांना गुण देणाऱ्या परीक्षकांनीही नीट पाहावे, म्हणून हे पत्र.

आधी आवाज. हिटलरच्या सभांची चित्रफीत विपुल आहे आणि नक्कल करणारा थेट तिथेच जातो. पण सभेतला आवाज हा मुळात त्याने स्वतः घडवलेला, श्रोत्यांसाठी राखलेला आवाज होता. घरातला, जेवणाच्या टेबलावरचा आवाज कसा होता? त्याचा एक दुर्मीळ पुरावा आहे. ४ जून १९४२ रोजी फिनलंडचे सेनानी मानरहाइम यांच्या ७५व्या वाढदिवसाला हिटलर तिथे गेला होता. औपचारिक भाषणांसाठी रेल्वेच्या डब्यात लावलेला मायक्रोफोन फिनिश ध्वनितंत्रज्ञ थॉर दामेन यांनी नंतरही चालूच ठेवला. रक्षकांच्या लक्षात येऊन त्यांनी तो बंद करायला लावेपर्यंत खासगी संभाषणाची सुमारे ११ मिनिटे मुद्रित झाली होती. त्यात हिटलर खर्जात, सावकाश बोलतो. एका देशाकडे ३५ हजार रणगाडे असू शकतात असे कोणी आधी सांगितले असते तर आपण त्याला वेड्यात काढले असते, हेही तो त्याच संथ सुरात सांगतो. गांझ यांनी हे ध्वनिमुद्रण अभ्यासले. म्हणूनच त्यांचा हिटलर सुरुवातीला, १९४२च्या प्रसंगात, सचिवपदासाठी आलेल्या आणि टंकलेखनात अडखळणाऱ्या ट्राउडल युंगे या तरुणीशी इतक्या मृदूपणे बोलू शकतो.

पुढे तोच मृदू स्वर अंगावर येतो. दुबळ्यांवरची दया हा निसर्गाचा द्रोह आहे, हे तो जेवता जेवता सांगतो. आपला शस्त्रास्त्रमंत्री श्पेअर याच्याशी बोलताना स्वतःच्याच जनतेच्या विनाशावर शिक्कामोर्तब करतो, तेही आवाज फारसा न चढवता. या भूमिकेतली सर्वांत क्रूर वाक्ये खालच्या पट्टीत आहेत.

दुसरी गोष्ट हाताची. अखेरच्या दिवसांत हिटलरचा डावा हात कापत असे. ती पार्किन्सनची, म्हणजे कंपवाताची लक्षणे असावीत, असे अनेक डॉक्टरांनी पुढे मांडले. गांझ यांनी स्वित्झर्लंडमधल्या रुग्णालयात जाऊन असे रुग्ण पाहिले. आपल्याकडे कंप म्हटला की नट पेला उचलताना हात थरथरवतो. कंपवातात बहुधा याच्या उलट घडते. हात मांडीवर निवांत असताना तो सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा हलतो, अंगठा आणि तर्जनी यांच्यात गोळी वळत असल्यासारखा. वस्तू उचलायला हात पुढे केला की कंप कमी होतो आणि हात टेकला की काही क्षणांत परत सुरू होतो. मनावर ताण आला की तो वाढतो. त्याच्या जोडीला पाठीचा बाक, आखूड पावले, चालताना न झुलणारा हात आणि कमी हलणारा चेहरा येतो. गांझ हे सगळे एका वेळी दाखवत नाहीत. माणूस आपले दुखणे लपवतो, हे त्यांनी ओळखले आहे. त्यांचा डावा हात बराच वेळ पाठीमागे असतो, समोरच्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला तेवढा दिसतो.

आता तो गाजलेला प्रसंग, २२ एप्रिल १९४५चा. बर्लिन वाचवण्यासाठी सेनापती श्टायनरने करायचा हल्ला झालाच नाही, हे कळल्यावर लगेच ओरडणे नाही. आधी शांतता. मग थरथरत्या हाताने चष्मा उतरतो. कायटेल, योडल, क्रेब्स आणि बुर्गडॉर्फ हे चार सेनाधिकारी थांबतील, बाकीच्यांनी जावे, हे शांतपणे सांगितले जाते. दार बंद झाल्यावर स्फोट होतो आणि तोही सलग नाही. सेनापतींना शिव्या, मग स्टालिनसारखे सगळे अधिकारी आधीच संपवायला हवे होते ही खंत, मग खुर्चीत बसून जवळजवळ स्वतःशी बोलणे, पुन्हा एक उसळी आणि शेवटी युद्ध हरल्याची कबुली अगदी खोल गेलेल्या आवाजात. मधूनमधून कॅमेरा बाहेरच्या बोळात उभ्या असलेल्यांवर जातो. ओरडण्याची भीती त्यांच्या चेहऱ्यांवर दिसते, त्यामुळे नटाला ती एकट्याने ओढावी लागत नाही. मराठी दिग्दर्शकांनी ही मांडणी जरूर उचलावी. रंगमंचावर दुसऱ्या लेव्हलवर चार माणसे नुसती ऐकत उभी केली तरी मुख्य नटाचा अर्धा घसा वाचतो.

चित्रपट निर्दोष नाही. शेंक हा नाझी डॉक्टर यात जवळजवळ नायक आहे. प्रत्यक्षात छळछावणीतल्या कैद्यांवर झालेल्या आहारविषयक प्रयोगांशी त्याचा संबंध होता. हे न सांगणे मला गंभीर वाटते. जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्स यांनी आणखी एक आक्षेप घेतला होता: इतरांचे मृत्यू दाखवणारा कॅमेरा हिटलरच्या मृत्यूपाशी मात्र दाराबाहेर का थांबतो? याच वेंडर्स यांनी १९८७मध्ये गांझ यांना देवदूताची भूमिका दिली होती. आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचा रोख दिग्दर्शनाकडे आहे. हिटलरला माणूस म्हणून दाखवल्याने सहानुभूती वाढेल, ही भीती मात्र मला पटत नाही. आपल्याकडे त्याच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद फुटपाथवर सहज मिळतो आणि 'कणखर, शिस्तीचा नेता' असे कौतुकही कानी पडते. ते कौतुक सभांमधल्या गर्जनांवर पोसलेले आहे. हुकूम ऐकायला फौजच उरली नाही तेव्हा हा माणूस कसा दिसतो, ते गांझ दाखवतात.

अशी भूमिका करणाऱ्यांनी पहिले काही दिवस पूर्ण संहिता खर्जात, बसून वाचावी. कंपाचा सराव वेगळा करावा: डावा हात मांडीवर, १००मधून सात-सात वजा करत मोठ्याने मोजायचे आणि त्या नादात कंपाची लय तुटते का ते पाहायचे. लय तुटत असेल तर संवाद म्हणतानाही ती तुटणार. दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त सलग करू नये, कोपरापुढचा हात आखडतो आणि कंप खोटा दिसू लागतो. वरची पट्टी सगळ्यात शेवटी, संपूर्ण प्रयोगात एकदाच आणि श्वास कुठे घ्यायचा ते संहितेवर पेन्सिलीने खुणा करून. परीक्षकांनीही वाचिक अभिनयाचे गुण देताना खालच्या पट्टीतले वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचले का, हे स्वतः मागे बसून तपासावे.

आपला,
एक नाट्यप्रशिक्षक, सांगली