मॅक्स ऑर्डरचं बारसं

प्रिय विन्या,

तुझं पत्र वाचलं. ड्रायव्हरच्या कोडमधली जुनी नावं सरसकट बदलायची टूम तू काढलीस आणि टीममधले निम्मे लोक तुझ्यावर खार खाऊन आहेत! त्यांचं अगदीच चुकत नाहीये बरं का. तरी नाव बदलण्यावाचून गत्यंतर नसतं अशी एक गोष्ट सांगतो.

लिनक्स कर्नलचा, म्हणजे या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, बडी अ‍ॅलोकेटर मेमरीची पानं (ठरावीक मापाचे तुकडे) दोनाच्या घातात वाटतो. त्या घातांकाला ऑर्डर म्हणतात. ऑर्डर 0 म्हणजे एक पान, ऑर्डर 10 म्हणजे 1024 पानं. पान 4 केबीचं असेल तर 4 एमबी. आता कोडमध्ये 'मॅक्स_ऑर्डर' 11 असं दिसलं तर तू काय समजशील? 11 पर्यंत मागता येतं, असंच ना? तर नाही. ती होती ऑर्डरींची संख्या, 0 ते 10. म्हणजे कमाल ऑर्डर मॅक्स_ऑर्डर वजा एक. नाव एक सांगतंय आणि आकडा दुसरंच, त्यामुळे कर्नलभर या एकाच्या फरकाचे बग साचले होते. कर्नल डेव्हलपर किरिल शुतेमोवने ते निस्तरले आणि 2023 मध्ये 6.4 आवृत्तीत व्याख्याच सरळ केली: मॅक्स म्हणजे मॅक्स, 10.

नाव मात्र तेच राहिलं, आणि मेख तिथेच होती. कर्नलच्या मुख्य ट्रीत (अधिकृत कोडमध्ये) अजून न आलेला कितीतरी कोड जुनाच अर्थ धरून लिहिलेला. तो नव्या कर्नलवर बिनबोभाट कंपाइल व्हायचा आणि चुकीचं वागायचा. शेवटी 2024 च्या 6.8 मध्ये त्याचं 'मॅक्स_पेज_ऑर्डर' केलं. आता जुना कोड आणलास की बिल्ड तिथेच मोडतो. नवं नाव फार सुंदर आहे असं नाही. पण अर्थ बदलल्याचं ते कंपायलरकरवी ओरडून सांगतं, म्हणून मला ते पटतं.

काम कसं करावं हे बघायचं तर 2020 मधला 'एममॅप_सेम'चा बदल बघ. प्रोसेसच्या मेमरीचा नकाशा सांभाळणारं हे लॉक. आधी लॉक घेण्या-सोडण्याची वेगळी फंक्शन्स केली, मग कॉक्सिनेल हे कोड आपोआप बदलणारं साधन वापरून बहुतेक जागी ती बसवली, आणि सगळ्यात शेवटी फील्डचं नाव 'एममॅप_लॉक' केलं. तोवर त्याला थेट हात लावणारे उरलेच होते किती!

युजरस्पेसला, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅम्सना, दिसणाऱ्या नावांच्या वाटेला मात्र जाऊ नकोस. 'क्रिएट' सिस्टिम कॉलच्या स्पेलिंगमधलं शेवटचं 'ई' युनिक्सच्या जन्मापासून गायब आहे, ते तसंच राहणार.

तुझ्या यादीतली 'टीएमपी2'छाप नावं सोडून दे. ती बदलून गिट ब्लेम (कुठली ओळ कुणी, कधी बदलली हे दाखवणारी नोंद) गढूळ होईल आणि जुन्या ब्रँचवर फिक्स नेताना प्रत्येक वेळी कॉन्फ्लिक्ट सोडवत बसाल. तो टाइमआउट, जो पूर्वी जिफीजमध्ये (कर्नलच्या घड्याळाच्या ठोक्यांत) होता आणि आता मिलिसेकंदांत आहे, तो आधी घे. आणि पॅच निव्वळ नावाचाच ठेव. त्यात लॉजिकचा एक जरी बदल दिसला तर मी रिव्ह्यू करणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
श्री